जयेश राणे : मुंबईतून निघाला, सहा क्लब फिरला आणि पुन्हा मुंबईत आला

भारतीय फुटबॉलपटू म्हटलं की आपल्याला सुनील छेत्री आठवतो. त्यापुढे जाऊन मुंबईतला एखादा खेळाडू सांगा म्हटलं की गाडी अडते. पण एक मुंबईकर असा आहे, ज्याच्या तीन वेगवेगळ्या क्लबांनी तो संघात असताना आयएसएलची ट्रॉफी उचलली. आयलीगचं विजेतेपदही त्याच्या खात्यात आहे. त्याचं नाव जयेश राणे.

तो स्टार स्ट्रायकर नाही, मधल्या फळीत खेळतो. कधी मध्यभागी, कधी कडेला, कधी शेवटची वीस मिनिटं बदली खेळाडू म्हणून. म्हणूनच त्याची कारकीर्द समजून घेतली की भारतात व्यावसायिक फुटबॉलपटू नेमका जगतो कसा, हे कळतं.

सुरुवात कुठून झाली?

जयेशचा जन्म १९९३ चा, मुंबईतला. तो पुढे आला मुंबई एफसी या क्लबातून. तेव्हा प्रशिक्षक होते खालिद जमील, जे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

तो काळ मुंबईच्या फुटबॉलसाठी पडता होता. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१६-१७ च्या आयलीगमध्ये तळाला गेला आणि त्यानंतर तोही संपला. म्हणजे ज्या क्लबातून जयेश वर आला, तो क्लबच आज नाही.

एका वर्षात दोन क्लब कसे काय?

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली. पहिली तीन वर्षं ती साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच चालायची. आयलीग त्यानंतर, जानेवारी ते मे. त्यामुळे खेळाडू हिवाळ्यात एका क्लबाकडून आणि उन्हाळ्यात दुसऱ्याकडून खेळायचे. दुसऱ्या क्लबात जाणं बऱ्याचदा 'लोन'वर असायचं. लोन म्हणजे मूळ करार कायम, पण ठरावीक काळापुरता खेळाडू दुसऱ्याला दिलेला.

जयेश आयएसएलमध्ये चेन्नईयिन एफसीकडे होता. मार्को मातेराझी प्रशिक्षक असलेल्या या संघाने २० डिसेंबर २०१५ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाला ३-२ ने हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

ऐझॉलचा चमत्कार

२०१५-१६ मध्ये मिझोरामचा ऐझॉल एफसी आयलीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. खालिद जमील तिथे गेले. मुंबई एफसीमधले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही तिथे पोचले.

पुढे जे झालं ते भारतीय फुटबॉलमध्ये आजही सांगितलं जातं. शेवटच्या टप्प्यात ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवलं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉल चॅम्पियन झाला. १८ सामन्यांत ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. देशाची सर्वोच्च लीग जिंकणारा तो ईशान्येतला पहिला क्लब ठरला.

कोलकाता, बेंगळुरू आणि घर

२०१७ च्या ड्राफ्टनंतर जयेश कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. १४ मार्च २०२० ला प्रेक्षकांविना झालेल्या अंतिम सामन्यात एटीकेने चेन्नईयिनला ३-१ ने हरवलं. म्हणजे समोर त्याचाच जुना क्लब.

त्याच वर्षी एटीके आणि मोहन बागान एकत्र आले. २०२१ च्या फायनलमध्ये हा नवा संघ मुंबई सिटीकडून १-२ ने हरला. मग जयेश बेंगळुरू एफसीकडे आला, आधी लोनवर. २०२३ ची फायनल बेंगळुरूने पेनल्टीवर गमावली, तीही एटीके मोहन बागानकडून.

शेवटी मुंबई सिटी एफसी. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मुंबईने मोहन बागान सुपर जायंटला ३-१ ने हरवून चषक जिंकला. स्वतःच्या शहराच्या क्लबासोबत ट्रॉफी मिळायला त्याला देशभर फिरावं लागलं.

नियम काय सांगतात?

फिफाच्या नियमानुसार खेळाडूची एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंदणी होऊ शकते आणि साधारणपणे त्यातल्या दोनच क्लबांसाठी तो अधिकृत सामने खेळू शकतो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की तो पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या क्लबाशी करार करू शकतो.

म्हणूनच सतत क्लब बदलणारा खेळाडू 'निष्ठा नाही' म्हणून ऐकून घेतो, ते बरोबर नाही. कधी करार संपतो, कधी क्लब विलीन होतो, कधी बंदच पडतो.

नाशिकच्या पोराने यातून काय घ्यायचं?

नाशिकने देशाला कविता राऊत दिली, दत्तू भोकनळ दिला. पण आयएसएलमध्ये नाशिकचा संघ नाही. इथल्या मुलाला फुटबॉलवर पोट भरायचं तर गाव सोडावं लागणार, हे आधीच मान्य केलेलं बरं.

शिवाय वरच्या पातळीवर पोचल्यावरही खात्री नसते. जुलै २०२५ मध्ये आयोजक कंपनीने महासंघासोबतच्या कराराचा प्रश्न सुटेना म्हणून आयएसएलचा नवा हंगाम थांबवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार अनिश्चित काळासाठी रोखले. छेत्रीसारखा खेळाडू ज्या क्लबात आहे, तिथली ही गोष्ट.

त्यामुळे पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत झाली आहे का. करार लेखी आहे का, आणि त्यात पगार, मुदत आणि दुखापतीचा खर्च स्पष्ट लिहिला आहे का. आणि शिक्षण सुरू आहे का.

बाकी खेळाचं म्हणाल तर जयेशची कारकीर्द एक गोष्ट दाखवते. प्रशिक्षक बदलले, शहरं बदलली, तरी वेगवेगळ्या जागी खेळू शकणाऱ्या मिडफिल्डरला कुठल्या ना कुठल्या संघात जागा मिळत राहिली.