बाष्पाचा हिशेब : नैसर्गिक वायूच्या मापनेतिहासातील एक प्रकरण

नळवाहिनीतून येणारा नैसर्गिक वायू घनफळाने मोजावा की उष्णतेने? अमेरिकेच्या १९७८ च्या नैसर्गिक वायू धोरण कायद्याने कमाल दर दहा लाख ब्रिटिश उष्मा एककांमागे ठरविले. तथापि ही उष्णता वायूच्या कोणत्या अवस्थेत मोजावी, हा प्रश्न वादाचा ठरला. जुन्या प्रघातानुसार ६० अंश फॅरनहाइट तापमानाचा, बाष्पाने संपृक्त असा घनफूट प्रमाण मानला जाई. प्रत्यक्षात वाहिनी गंजू नये म्हणून वायूतील बहुतेक पाणी आधीच काढून टाकलेले असते. बाष्प जळत नाही. त्यामुळे कोरड्या घनफुटात उष्णता सुमारे पावणेदोन टक्के अधिक भरते.

संघीय ऊर्जा नियामक आयोगाने १९८० मध्ये वायू प्रत्यक्ष ज्या अवस्थेत पोचतो त्याच अवस्थेत मोजण्यास मान्यता दिली. साहजिकच उत्पादकांची प्राप्ती वाढली आणि भार ग्राहकांकडे सरकला. १९८३ मध्ये वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने हा नियम अवैध ठरविला. कायदेमंडळाला जुनेच माप अभिप्रेत होते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढील वर्षी आयोगाने जादा रकमेच्या परताव्याचा आदेश काढला.

दर बांधून देणाऱ्या कायद्याने मापाची व्याख्या मोकळी ठेवली, तर त्या फटीतून दरच बदलू शकतो, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.