जेजे की सेप्ट? आधी दोन्हींचा इतिहास बघा

दरवर्षी 'नाटा'चा निकाल लागला की ओळखीपाळखीतून एक तरी फोन येतोच. "मुलीला आर्किटेक्चर करायचंय. मुंबईचं जेजे की अहमदाबादचं सेप्ट?" या वर्षी प्रश्न बहिणीच्याच घरातून आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाऊजींचं मत जेजे, कारण सरकारी. भाचीचं मत सेप्ट, कारण "तिथे विचार करायला शिकवतात."

जेजेत काम शिकवतात आणि सेप्टमध्ये विचार, हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतोय. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. आणि जेवढं खरं आहे, त्याची कारणं दोन्ही संस्था कुणी, कशासाठी काढल्या यात आहेत.

सर जमशेटजी जिजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. आर्किटेक्चर तिथे फार उशिरा आलं, आणि आलं तेही १८९६ मध्ये 'ड्राफ्ट्समनचा वर्ग' म्हणून. नावातच सगळं आलं! इमारतीची कल्पना साहेबाची, नकाशे आपल्या माणसांनी काढायचे. सरकारचे सल्लागार आर्किटेक्ट जॉन बेग (जीपीओची इमारत यांचीच) यांनी १९०८ मध्ये चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आखला, तेव्हा कुठे या शिक्षणाला आकार आला.

पण गंमत पुढे आहे. नकाशे काढायला शिकवलेली मुलं नकाशांवर थांबली नाहीत. १९१७ मध्ये जेजेच्या विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली आणि तिचीच १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली. म्हणजे देशातल्या आर्किटेक्टांची संस्था सरकारी हुकमातून निघाली नाही, विद्यार्थ्यांच्या गटातून निघाली. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं क्लॉड बॅटली तिथे प्रमुख होते. हा इंग्रज माणूस विद्यार्थ्यांना टेप घेऊन जुन्या भारतीय इमारती मोजायला पाठवायचा. खांब, जाळी, छज्जा, सगळं मोजून कागदावर आणायचं. आता हे काम म्हणायचं की विचार? १९३६ मध्ये पेरीन मिस्त्री तिथून पदविका घेऊन बाहेर पडल्या. त्या देशातल्या पहिल्या महिला आर्किटेक्टांपैकी एक. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या कडेच्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यांतल्या बऱ्याचशा याच पिढीतल्या भारतीय आर्किटेक्टांच्या आहेत.

आता अहमदाबाद. तिथल्या गोष्टीतही जेजे आहेच, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे जेजेत शिकले, हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली गेले आणि परतल्यावर अहमदाबादच्या गिरणीमालकांसाठी 'अटिरा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची इमारत केली. बाळकृष्ण दोशी जन्माने पुणेकर, घरचा व्यवसाय फर्निचरचा. १९४७ मध्ये जेजेत दाखल झाले, तीनेक वर्षांनी लंडनला गेले आणि तिथून पॅरिसला ल कोर्बुझिएकडे. पहिले आठ महिने बिनपगारी! (आजच्या इंटर्नशिपच्या तक्रारी जुन्याच आहेत.) कोर्बुझिएच्या अहमदाबादमधल्या इमारतींवर देखरेख करायला ते तिकडे आले आणि तिथलेच झाले.

त्या काळातल्या अहमदाबादमध्ये कस्तुरभाई लालभाईंसारखे गिरणीमालक होते. त्यांना नुसत्या इमारती नको होत्या, संस्था हव्या होत्या. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या आधाराने दोशींनी १९६२ मध्ये 'स्कूल ऑफ आर्किटेक्चर' सुरू केलं. दोशींच्या आग्रहावरून लुई कान आयआयएमच्या कामासाठी शहरात आला, तेही याच सुमारास. म्हणजे विद्यार्थ्यांना सायकलवरून कोर्बुझिए बघता येत होता आणि कानची विटेवर वीट चढताना दिसत होती. शाळेची इमारतही दोशींचीच: वीट, काँक्रीट, उत्तरेचा उजेड आणि खाली मोकळी जागा, जिथे वर्ग कुठे संपतो आणि गप्पा कुठे सुरू होतात ते कळत नाही. १९७२ मध्ये नियोजनाची शाळा जोडली गेली, २००५ मध्ये विद्यापीठ झालं.

म्हणून माझं मत असं की फरक काम आणि विचार यांचा नाहीच. एक शाळा सरकारी खात्याच्या गरजेतून निघाली आणि विद्यार्थ्यांनी ती मोठी केली. दुसरी एका माणसाच्या कल्पनेतून निघाली आणि शहरातल्या पैशाने तिला मोकळीक दिली. मोकळीक जेजेला कधी फारशी मिळाली नाही. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, नेमणुका मंत्रालयाच्या. उलट सेप्टची मोकळीक आज फुकट नाही. वर्षाची फी लाखांत जाते, वर अहमदाबादचं राहणं.

भाऊजींचा 'सरकारी' हा मुद्दा म्हणूनच मला हलका वाटत नाही. आर्किटेक्चरची पाच वर्षं, त्यात मॉडेलचं सामान, प्लॉटिंग, लॅपटॉप हा खर्च फीच्या बाहेरचा. सुरुवातीचे पगार कसे असतात ते या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. कर्ज काढून सेप्टला गेलेली मुलगी पहिली चार-पाच वर्षं मनासारखं काम निवडू शकेल का, हा प्रश्न घरात बसून वहीवर आकडे मांडून सोडवायचा आहे. फी झेपत असेल तर भाचीने खुशाल जावं, मी आडवा येणार नाही.

आणि ही निवड शिल्लक राहण्यासाठी जेजेकडे लक्ष ठेवायला हवं. २०२३ मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मोकळीक मिळेल म्हणून काहींनी स्वागत केलं, फी वाढेल म्हणून काहींनी विरोध. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं, कारण सेप्टच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी बरोबरच आल्या आहेत. सवलतीच्या जागा किती राहणार, कायमस्वरूपी शिक्षक किती भरणार, हे आमदारांना विचारायचे प्रश्न आहेत. भाचीला मी एवढंच सांगितलंय की दोन्हीकडे एकेक दिवस जाऊन ये, तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओत भिंतीवर काय लावलंय ते बघ आणि तिथल्या मुलांना विचार, तुमची शीटं शेवटची कुणी, कधी आणि किती वेळ तपासली.