तीनशे रुपयांचा मेपल

मागचे दोन भाग लढायांचे झाले, म्हणून आज जरा कुंडीकडे वळू. पण काळजी करू नका, सैनिक आजच्या भागातही आहेत, आणि चांगले पलटणभर आहेत.

मी राहतो हिमाचलात, सोलनला. गाव सातारा जिल्ह्यातलं. निवृत्तीनंतर पुण्यात राहायचं ठरलं होतं, पण नोकरीची शेवटची वर्षं डोंगरात गेली आणि पाय इथेच रुतला. २०१६ साली इथल्या एका रोपवाटिकेतून मी जपानी मेपलची दोन रोपं आणली. तीनशे रुपयांना एक. गुडघ्याएवढी उंची, करंगळीएवढं खोड, बुंध्याजवळ कलमाची सुजलेली गाठ आणि वर लालभडक नाजूक पानं. रोपवाला म्हणाला, ‘कर्नलसाब, इसका बोन्साय बहुत बढ़िया बनता है.’ माझ्या डोक्यात लगेच पुस्तकातली चित्रं फिरू लागली. दोन उथळ कुंड्या आणल्या, मुळं छाटली, फांद्यांना तारा गुंडाळल्या आणि बोन्साय झालं असं जाहीर केलं.

एक रोप मुलीकडे पुण्याला पाठवलं. एप्रिलच्या उन्हात त्याची पानं टोकाकडून करपली. या झाडाला हिवाळ्यात खरीखुरी थंडी लागते, तेव्हाच त्याची झोप पुरी होते. पुण्यात ती मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी ते गेलं. माझ्याकडचं जगलं, पण तीन वर्षांत त्याचं खोड होतं तेवढंच राहिलं. सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, ‘एकाला उन्हात मारलंत, दुसऱ्याला तारेत बांधलंत. झाडाचं कोर्ट मार्शल कशासाठी?’

प्रश्न मनाला लागला. आपल्याकडे पुष्कळ लोक असंच म्हणतात, बोन्साय म्हणजे झाडाचा छळ. मी ठरवलं, आधी या विद्येचा इतिहास वाचायचा. तो वाचला तेव्हा कळलं की माझी चूक झाडाच्या निवडीत नव्हती. मी सगळी कामं उलट्या क्रमाने केली होती.

आता सुरुवातीपासून सांगतो. ही कला चीनमधून जपानात गेली. चीनमध्ये तांग राजघराण्यातल्या एका राजपुत्राची कबर आहे, इसवी सन ७०६ मधली. तिच्या भिंतीवर तबकात छोटं झाड आणि दगड घेऊन चाललेले सेवक रंगवलेले आहेत. जपानात १३०९ सालच्या एका चित्रगुंडाळीत तबकातली झाडं दिसतात. त्या काळी ‘बोन्साय’ हा शब्द रूढ नव्हता. लोक म्हणत ‘हाची नो की’, म्हणजे कुंडीतलं झाड.

याच नावाचं एक जुनं नो नाटक आहे. आपल्या कामाचा पहिला सैनिक त्यात भेटतो. सानो गेन्झाएमोन त्सुनेयो नावाचा एक सामुराई. नातलगांनी जमीन बळकावल्यामुळे कंगाल झालेला. बर्फाच्या रात्री दारात एक भिक्षू येतो. घरात जळण नाही. त्सुनेयोकडे जुन्या वैभवातली तीनच झाडं उरलेली असतात: उमे, चेरी आणि पाइन. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो ती तिन्ही तोडून जाळतो. बोलता बोलता सांगतो, माझं चिलखत गंजलंय, घोडा हडकुळा झालाय, पण कामाकुराहून बोलावणं आलं तर मी पहिला निघेन. पुढे खरोखर बोलावणं येतं, हा तसाच जातो, आणि तिथे कळतं की तो भिक्षू म्हणजे माजी राज्यप्रमुख होजो तोकियोरी होता. तोकियोरी त्याला जमीन परत देतो, शिवाय तीन गावं देतो: उमेदा, साकुराई आणि मात्सुइदा. तिन्ही नावांत जाळलेल्या झाडांची नावं आहेत. गोष्ट नाटकातली आहे, पण कुंडीतल्या झाडाची किंमत त्या समाजात काय होती हे तिच्यावरून कळतं.

यानंतर येतो एदो काळ, तोकुगावा शोगुनांचा. १६३५ पासून सरदारांना एक वर्ष आड राजधानीत, म्हणजे आजच्या तोक्योत, येऊन राहावं लागे. कुटुंब तर तिथेच ठेवायचं. सरदार आले, वाडे आले, वाड्यांना बागा आल्या आणि बागांना रोपं लागू लागली. तिसरा शोगुन इएमित्सु स्वतः कुंडीतल्या झाडांचा वेडा होता. त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक पाइन आजही तिथल्या राजवाड्याच्या संग्रहात आहे.

शहराबाहेर सोमेई नावाचं गाव होतं, ते रोपवाल्यांचं गाव झालं. तिथल्या इतो इहेई घराण्याने झाडं विकली आणि पुस्तकंही लिहिली. १६९५ आणि १७१० सालच्या त्यांच्या बागकामाच्या ग्रंथांची आजही चर्चा होते. पुढच्या काही वर्षांत मेपलच्या नावाजलेल्या जातींच्या याद्या छापल्या गेल्या. लाल पानाचा, कातरलेल्या पानाचा, वसंतात गुलाबी फुटणारा, असे प्रकार आणि प्रत्येकाला नाव.

आता नावाजलेली जात बियांपासून तशीच्या तशी येत नाही. हापूसची कोय लावली म्हणून हापूस येत नाही, तसंच हे. म्हणून साध्या हिरव्या मेपलच्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी बांधायची. माझ्या तीनशे रुपयांच्या रोपाच्या बुंध्यावरची गाठ म्हणजे हाच वारसा. बागेत लावायला ती चालते. बोन्सायमध्ये मात्र बुंधा हेच झाडाचं मुख, आणि तिथेच सूज असेल तर सगळं बिघडतं.

बिनलढाईच्या त्या अडीचशे वर्षांत सैनिक काय करत होते? हा भाग मला फार आवडतो. शोगुनच्या पदरी बंदूकधाऱ्यांच्या शंभर-शंभरांच्या तुकड्या होत्या. त्यातली एक ओकुबो भागात राहत असे. पगार तुटपुंजा, युद्ध नाही, महागाई वाढलेली. या लोकांनी घराच्या परड्यात अझेलिया लावायला सुरुवात केली आणि ओकुबोचे अझेलिया शहरभर नावाजले. तोक्योतल्या त्या वस्तीचं नाव आजही ह्याकुनिन-चो आहे, म्हणजे ‘शंभर जणांचं’ पेठ. दुसरीकडे ओकाचिमाचीतले पायदळाचे कनिष्ठ सामुराई कुंड्यांमध्ये गारवेलीसारखी असागाओची फुलं वाढवून जोडधंदा करत. जत्रेच्या दिवशी देवळाच्या आवारात या कुंड्या साध्या कारागिरांच्या घरी जात. म्हणजे कुंडीतलं झाड श्रीमंतांपुरतं राहिलं नव्हतं. तुटपुंज्या पगाराच्या शिपायाने वाढवावं आणि चाळीतल्या सुताराने विकत घ्यावं, इतकं ते स्वस्त झालं होतं.

बाहेरच्या जगाला हे झाड कळलं ते १७७५ नंतर. कार्ल पीटर थुनबर्ग हा स्वीडिश डॉक्टर डच कंपनीच्या नोकरीत नागासाकीला आला आणि १७८४ मध्ये त्याने जपानच्या वनस्पतींवर ग्रंथ छापला. मेपलला त्याने दिलेलं नाव ‘एसर पामाटम’, म्हणजे तळहातासारख्या पानाचा. जपानी लोकांना त्याच पानात वेगळं दिसलं होतं. त्यांचा ‘काएदे’ हा शब्द ‘काएरु-ते’वरून आला, म्हणजे बेडकाचा हात. १८६० मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतीतज्ज्ञ सोमेईला पोचला आणि तिथल्या रोपवाटिकांच्या रांगा पाहून चकित झाला. हा तोच फॉर्च्यून, ज्याने त्याआधी चीनमधून चहाची रोपं आणि चहाचे कारागीर आपल्या हिमालयात आणले. इथल्या डोंगरातल्या चहाच्या इतिहासाशी त्याचा असा संबंध आहे.

यानंतर संकटं आली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत तोक्यो उद्ध्वस्त झालं. दांगोझाका भागातल्या बोन्सायवाल्यांनी १९२५ पासून उत्तरेला ओमिया इथे नवी वसाहत उभारली. जागा मोकळी, माती आणि पाणी चांगलं. वसाहतीचे तेव्हाचे नियम मला एखाद्या छावणीच्या स्थायी आदेशासारखे वाटतात: प्रत्येकाकडे किमान दहा बोन्साय हवीत, फाटक सर्वांना उघडं हवं, दुमजली घर बांधायचं नाही, आणि कुंपण जिवंत झाडांचं हवं. तिथल्या रस्त्यांनाही झाडांची नावं आहेत, त्यात मेपलचंही आहे.

मग महायुद्ध. बोन्साय ही चैन ठरली. माणसं सैन्यात गेली, बागा बंद पडल्या. उन्हाळ्यात कुंडीला एक-दोन दिवस पाणी चुकलं तर शंभर वर्षांचं झाड जातं, त्यामुळे किती गेली असतील याची कल्पना करा. हिरोशिमात यामाकी कुटुंबाची रोपवाटिका बॉम्बच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर होती. त्यांचा १६२५ पासून जोपासलेला पाइन भिंतीच्या आडोशाला होता, तो वाचला. १९७६ मध्ये अमेरिकेला दोनशे वर्षं झाली तेव्हा जपानने भेट दिलेल्या झाडांत तो होता. देताना कुटुंबाने ही हकीकत गाजवली नाही. २००१ मध्ये नातू वॉशिंग्टनला झाड पाहायला गेले तेव्हा ती सर्वांना कळली. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला हे झाड दिलं. पस्तीस वर्षं वर्दी घालून मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो.

युद्धानंतर ओमियाच्या बागांत ताब्यातल्या फौजेचे अमेरिकन सैनिक आणि अधिकारी येऊ लागले. हा छंद परदेशात पसरण्याचं ते एक कारण झालं. मेपलची मागणी वाढली, कलमं हजारोंनी होऊ लागली आणि एकेकाळी सरदाराच्या वाड्यात शोभणारं झाड कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत येऊन बसलं.

आता माझ्या चुकीकडे येतो. जपानी उत्पादक रोप आधी जमिनीत वाढवतात. खोड जाड होतं ते जमिनीत, भरपूर पानं आणि मोकळी मुळं असताना. उथळ कुंडी सर्वांत शेवटी येते, झाड घडून झाल्यावर. मी रंगरूटाला पहिल्याच दिवशी परेडला उभं केलं होतं, जेवण न देता.

२०१९ च्या जून महिन्यात मी तारा काढल्या. कलमाच्या गाठीच्या वर गुटी बांधली. आपल्याकडे डाळिंबाला बांधतात तीच. माझे वडील परसात बांधायचे. जपानी तिला ‘तोरिकी’ म्हणतात. खोडाच्या जाडीच्या दीडपट रुंदीची साल गोल काढायची, आतला हिरवा थर खरवडून टाकायचा, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने घट्ट गुंडाळायचं. अडीच महिन्यांत पांढरी मुळं दिसली. पुढच्या वसंतात वरचा भाग कापून वेगळा केला, छपराच्या एका स्लेटवर मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी पसरली आणि स्लेटसकट जमिनीत लावला. स्लेटमुळे मुळं खाली न जाता आडवी पसरतात आणि बुंधा रुंद होतो. मग तीन वर्षं हात लावला नाही. सैनिकाला हे सर्वांत अवघड जातं.

२०२३ च्या फेब्रुवारीत, कळ्या फुगायच्या आधी, पुरुषभर वाढलेलं झाड मी वीतभर ठेवून कापलं. जखमेला लेप लावला. एप्रिलमध्ये जुन्या पेरांतून समोरासमोर कोंब फुटले. त्यातला एक पुढारी म्हणून ठेवला. आज खोड माझ्या मनगटाच्या निम्म्याहून जास्त आहे. कापाची जखम अजून पुरती भरलेली नाही, तिला बरीच वर्षं लागतील. तेव्हा मी पंच्याहत्तरीच्या आसपास असेन, किंवा नसेन.

आणि खालचा गाठीचा खुंट? तो मी टाकला नाही. त्याला हिरवी पानं फुटली, साधी, बेडकाच्या हातासारखी. आता तोच मला जास्त आवडतो. म्हणून नैनिताल, शिलाँग, दार्जिलिंग, शिमला अशा थंड गावांतल्या मंडळींना सांगतो, रोपवाटिकेत लाल नावाजलेलं रोप शोधू नका. बियांपासून आलेलं, गाठ नसलेलं साधं हिरवं रोप मागा. ते सर्वांत स्वस्त असतं आणि बोन्सायला सर्वांत चांगलं. पुणे, नागपूर, हैदराबाद, इंदूरच्या मंडळींनी मेपलच्या नादी लागू नये. तुमच्याकडे वड आहे, चिंच आहे. माझ्या मुलीकडे आता चिंच आहे आणि ती मजेत आहे.

सौभाग्यवतींच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. छळ होतो तो घाई केली की, हे मी एक झाड मारून शिकलो. जमीन दिली, पाणी दिलं, वेळ दिला, तर झाड कुंडीत माणसापेक्षा जास्त जगतं. हे उत्तर मी त्यांना दिलं. त्या म्हणाल्या, ‘बरं, पण तुम्ही दिल्लीला गेलात की पाणी कोण घालतं?’ त्याच घालतात. इतिहासाच्या पुस्तकांत पाणी घालणाऱ्यांची नावं क्वचितच असतात, तेवढं आजच्या भागात नोंदवून ठेवतो.

पुढच्या भागात पुन्हा लढाईकडे जाऊ. जय हिंद.