एका तळघरातील दोन नाट्यसंस्था

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा ब्रॉडवेवरील यशापयशाकडेच जाते. वस्तुतः त्या रंगभूमीचे मूलभूत प्रश्न जाणून घ्यावयाचे, तर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १३५ व्या रस्त्यावर असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघराकडे वळले पाहिजे. तेथे वीस वर्षांच्या आत दोन नाट्यसंस्था उदयास आल्या; आणि दोहोंपुढील पेच अपयशातून नव्हे, तर यशातून निर्माण झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पहिली संस्था 'क्रिग्वा प्लेयर्स'. 'क्रायसिस' मासिकाचे संपादक डू बॉइस यांनी ती १९२६ साली सुरू केली. नाटके आपल्या जीवनाविषयी असावीत, आपल्याच लेखकांनी लिहावीत, आपल्याच प्रेक्षकांसाठी असावीत व आपल्या वस्तीत व्हावीत, अशी चतुःसूत्री त्यांनी मांडली. कलेने प्रचारकार्य करावे, हा त्यांचा आग्रह. उलट नेव्हिस बेटावर जन्मलेल्या लेखिका यूलेली स्पेन्स यांना ते मान्य नव्हते. नाटकाचे पहिले काम रंजन, असे त्या मानीत. १९२७ मध्ये त्यांच्या 'फूल्स एरंड' या एकांकिकेला नाट्यस्पर्धेत २०० डॉलरांचे पारितोषिक मिळाले. डू बॉइस यांनी ती रक्कम निर्मितीच्या खर्चाकडे वळविली. लेखिकेला आणि नटांना काहीच मिळाले नाही. त्यानंतर लवकरच संस्था मोडली.

१९४० साली नाटककार-दिग्दर्शक एब्रम हिल व नट फ्रेडरिक ओनील यांनी 'अमेरिकन नीग्रो थिएटर' स्थापन केले. एकट्या नटाच्या कीर्तीपेक्षा संघाला महत्त्व द्यावे, हे तिचे तत्त्व होते. फिलिप योर्डन यांचे 'अ‍ॅना लुकास्टा' हे नाटक मुळात पोलिश-अमेरिकन कुटुंबाचे. हिल यांनी त्याला कृष्णवर्णीय रूप दिले. १९४४ मध्ये ते तळघरात गाजले आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर जाऊन त्याचे ९५७ प्रयोग झाले. परंतु त्या उत्पन्नाचा अल्प अंशच संस्थेच्या हाती आला, आणि अनेक सभासद तिच्याकडे ब्रॉडवेची पायरी म्हणून पाहू लागले. १९४८ मध्ये हिल यांनी संस्था सोडली.

तात्पर्य, रंगमंच आपल्या वस्तीत असणे पुरेसे नव्हते. निर्मितीचे श्रेय आणि द्रव्य कोणाचे, हा प्रश्न चतुःसूत्रीने अनुत्तरित ठेवला होता. दोन्ही संस्थांच्या इतिहासात तोच निर्णायक ठरला.