पिळाचा मागोवा

दोर वळणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पीळ दिल्याखेरीज सुटे तंतू एकमेकांना धरून राहत नाहीत. कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, धरून ठेवण्याच्या खटाटोपाचा माग काढत गेलो, की तिथेही मुळाशी पीळच सापडतो.

सूर्य तळपतो तो हायड्रोजनची अणुकेंद्रे जुळून, म्हणजे संमीलनाने. पृथ्वीवर ही क्रिया घडवायची, तर प्लाझ्मा दहा कोटी अंशांच्याही वर तापवावा लागतो. भांड्याला शिवताच तो निवतो आणि भांडेही पोळते. भिंत हवी, पण शिवाशिव नको. प्लाझ्मातले विद्युतभारित कण चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेत रेषेच्याच वाटेने जातात. म्हणून ही भिंत चुंबकीय क्षेत्राची उभारता येते.

अशा भिंतीची ताकद पहिल्यांदा दिसली ती एका चेपलेल्या नळीत. ऑस्ट्रेलियातल्या हार्टली व्हेल इथे रॉकेलच्या कारखान्यावर वीज पडली आणि तिथली विजेपासून बचावासाठी लावलेली तांब्याची पोकळ नळी आतल्या आत चुरगळली. १९०५ मध्ये सिडनीच्या पोलॉक आणि बॅराक्लो यांनी त्याचा उलगडा केला. एकाच दिशेने वाहणारे विद्युतप्रवाह एकमेकांना ओढतात. नळीतून गेलेल्या प्रचंड प्रवाहाने आपल्याच चुंबकीय क्षेत्राने तिला आवळले होते. तांबे आवळले जाते, तर प्लाझ्मा का नाही?

पण सरळ नळीतून प्लाझ्मा दोन्ही टोकांनी निसटतो. मग नळी वाकवून तिचे कडे करावे, टोकेच नकोत, अशी युक्ती जॉर्ज थॉमसन आणि मोझेस ब्लॅकमन यांनी १९४६ मध्ये ब्रिटिश पेटंटसाठी मांडली. कड्याने एक अडचण सोडवली, दुसरी उभी केली. कड्याच्या आतल्या कडेला चुंबकीय क्षेत्र तीव्र असते, बाहेरच्या कडेला क्षीण. त्यामुळे धनभारित कण एकीकडे, ऋणभारित दुसरीकडे, एक वर तर एक खाली सरकतात. दोहोंत विद्युतक्षेत्र तयार होते आणि ते सबंध प्लाझ्माला बाहेर लोटते.

उपाय होता पिळाचा. बलरेषा कड्याभोवती फिरता फिरता वरून खाली, खालून वर गुंडाळत गेली, तर वर साचलेला भार तिच्याच वाटेने खाली उतरतो आणि हिशेब मिटतो. हा पीळ द्यायच्या दोन रीती एकाच सुमारास, दोन देशांत, गुप्ततेच्या पडद्याआड जन्मल्या. सोव्हिएत संघात १९५० मध्ये सखालिन बेटावरच्या ओलेग लाव्हरेंतेव्ह या तरुण सैनिकाचे पत्र भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्हकडे अभिप्रायासाठी आले. त्यातून चालना मिळून साखारोव्ह आणि ईगोर ताम यांनी कड्यातला प्लाझ्मा चुंबकाने धरण्याची कल्पना मांडली. प्लाझ्मातूनच प्रवाह सोडून पीळ देणारा टोकामाक त्यातून घडला. अमेरिकेत १९५१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी नळीलाच इंग्रजी आठाच्या आकड्याचा आकार दिला. तो स्टेलरेटर. त्यात पीळ येतो तो आकारातून.

१९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा म्हणाले, की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल. तोवर जो विषय दारे लावून चालला होता, तो त्यांनी जगासमोर ठेवला. १९५८ च्या दुसऱ्या परिषदेत देशांनी आपली यंत्रे खुली केली. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘झीटा’ यंत्राने संमीलन साधल्याचा गाजावाजा झाला आणि काही महिन्यांत तो मागे घ्यावा लागला.

म्हणूनच १९६८ मध्ये रशियनांनी टी-३ टोकामाकमध्ये सुमारे एक कोटी अंश गाठल्याचे सांगितले, तेव्हा विश्वास बसेना. सोव्हिएत संशोधनाचे प्रमुख लेव्ह आर्त्सिमोविच यांनी प्रतिस्पर्ध्यांनाच मोजायला बोलावले. ब्रिटिश शास्त्रज्ञ लेझर घेऊन मॉस्कोला गेले आणि १९६९ मध्ये आकडा खरा ठरला. शीतयुद्धाच्या ऐन भरात एवढा विश्वास दाखवला गेला, हे मला या कथेतले सर्वांत मोठे पाऊल वाटते. १९७० मध्ये स्पिट्झर यांच्या प्रिन्स्टनने आपला मोठा स्टेलरेटर उघडून त्याचाच टोकामाक केला. भारतातही गांधीनगरजवळ १९८९ मध्ये ‘आदित्य’ टोकामाक सुरू झाला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात. स्पिट्झरचा पीळ तसाच टिकला. संगणकाच्या मदतीने आखलेली ५० वेडीवाकडी अतिसंवाहक वेटोळी घेऊन जर्मनीतला ‘वेंडेलश्टाइन ७-एक्स’ २०१५ मध्ये सुरू झाला, आणि २०२३ मध्ये त्याने सलग ८ मिनिटे प्लाझ्मा धरला. दुसरी रीत फ्रान्समध्ये ‘इटर’ या प्रचंड टोकामाकच्या रूपाने उभी राहते आहे. त्याला वेढणाऱ्या सुमारे ३,८५० टनांच्या पोलादी शीतपात्राचे भाग सुरतजवळच्या हाजिऱ्यात घडले.

भाभांची दोन दशके केव्हाच सरली. चुंबकात धरलेल्या प्लाझ्माने घातलेल्या उष्णतेहून अधिक ऊर्जा अजून परत दिलेली नाही. पण वीज पडून चुरगळलेल्या नळीपासून आठ मिनिटांच्या स्थिर प्लाझ्मापर्यंत प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची गळती शोधली आणि त्या जागी एक वेढा घातला. दोर असाच वळला जातो.