शाब्दिक उदाहरण

अंकगणितातील जो प्रश्न नुसत्या आकड्यांत न मांडता व्यवहारातील एखाद्या प्रसंगाच्या वर्णनातून विचारला जातो, आणि ज्यात बेरीज करावी की भागाकार, याचा निर्णय विद्यार्थ्यावरच सोपविलेला असतो, त्यास शाब्दिक उदाहरण म्हणतात. जुन्या गावठी शाळांत त्यालाच नुसते 'हिशेब' म्हणत, आणि पंतोजी मुलांना हिशेब घालीत.

या प्रकाराचा भारतातील सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे भास्कराचार्यांची 'लीलावती'. ती ज्या 'सिद्धान्तशिरोमणि' ग्रंथाचा भाग मानली जाते, तो शके 1072 म्हणजे इ. स. 1150 च्या सुमाराचा आहे. भुंग्यांचा थवा, वाऱ्याने मोडलेला वेळू, सापावर झेप घेणारा मोर, अर्जुनाच्या भात्यातील बाण असे विषय घेऊन आचार्यांनी अपूर्णांक, वर्गमूळ आणि काटकोन त्रिकोणाचे नियम शिकविले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

पुढील काळात उदाहरणांतील रसिकता ओसरली आणि दप्तराची गरज वरचढ झाली. कुलकर्ण्याला जमाबंदी, सावकाराला व्याज आणि वाण्याला खंडी-मण-शेर यांचा हिशेब तोंडी यावा लागे. म्हणून पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात. रुपये-आणे-पैंतील त्रैराशिके किचकट खरी. परंतु किचकट आणि कठीण यांत अंतर आहे. पहिल्यात हात थकतो, दुसऱ्यात विचार अडतो. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी चलनात आली आणि पुढे आण्यांची आकडेमोड पुस्तकांतून गेली, तेव्हा किचकटपणा बराच कमी झाला; याबद्दल हळहळण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही.

खऱ्या कठीण उदाहरणास मोठे आकडे लागत नाहीत. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुका भौगोलिक मानांकन लाभलेल्या वाघ्या घेवड्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील मुलास शोभेल असे हे उदाहरण पाहावे. खळ्यावर 90 किलो घेवडा पडला आहे, त्यात वजनाच्या 20 टक्के ओलावा आहे. उन्हात वाळवून ओलावा 10 टक्क्यांवर आणल्यास घेवडा किती भरेल? बहुतेक मुले दहा टक्के ओलावा गेला असे धरून 9 किलो वजा करतात आणि 81 सांगतात. पण उन्हाने जाते ते पाणी. घेवड्याचा कोरडा अंश आहे तेवढाच राहतो. तो आरंभी 72 किलो होता, आणि वाळल्यावर तोच 72 किलो नव्या वजनाच्या 90 टक्के होतो. अर्थात नवे वजन 80 किलो. दोन वेळचे टक्के दोन निरनिराळ्या वजनांचे आहेत, हे ज्याला दिसले त्याचे उदाहरण सुटले; पुढचा भागाकार कोणीही करील.

दुसरे उदाहरण तराजूचे. एक मण, म्हणजे 40 शेर, वजनाचा दगड पडून त्याचे चार तुकडे झाले, आणि त्या चार तुकड्यांनी 1 पासून 40 शेरांपर्यंत प्रत्येक पूर्ण शेर तोलता येऊ लागला. तर प्रत्येक तुकडा किती शेरांचा? मूल प्रथम 1, 2, 4, 8 असे दुपटीने जाते आणि 15 शेरांवर अडते. वजन मालाच्या पारड्यातही टाकता येते, हे सुचले की 1, 3, 9, 27 असे उत्तर निघते. 5 शेर तोलायचे तर 9 एका पारड्यात आणि 3 व 1 मालाबरोबर. सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित बाशे याच्या ग्रंथातही 40 वजनाचेच असे कोडे आहे.

अशा उदाहरणांची सार्वत्रिक कसोटी म्हणजे शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा. ती पुष्कळ वर्षे चौथी व सातवीला होती आणि 2016-17 या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीकडे नेण्यात आली होती. तीत प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात, आणि येथेच गोम आहे. घेवड्याच्या उदाहरणाखाली 80 हा आकडा दिसला की हुशार मूल तो ताळा करून पाहते आणि बरोबर ठरते. कोरडा अंश बदलत नाही, हा मुद्दा त्याच्या मनात आलाच पाहिजे असे नाही. हजारो उत्तरपत्रिका तपासावयाच्या, सबब पर्यायांवाचून गत्यंतर नाही, हे मान्य. पण वर्गात ती अडचण नसते. म्हणून सरावासाठी उदाहरण देताना शिक्षकांनी पर्याय न लिहिता केवळ मजकूर फळ्यावर लिहावा, आणि उत्तराआधी मुलास एवढेच विचारावे की, यात काय बदलले आणि काय बदलले नाही.