न्यूटनचे दगडी घर : वुल्सथॉर्प मॅनर

नावात 'मॅनर' असले, तरी इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील वुल्सथॉर्पची ही वास्तू म्हणजे सरदाराचा वाडा नव्हे. शेती व मेंढीपालन करणाऱ्या एका सुखवस्तू कुटुंबाचे ते दगडी घर आहे. सर आयझॅक न्यूटन यांचे आजोबा रॉबर्ट यांनी १६२३ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली. जुन्या इंग्रजी कालगणनेनुसार २५ डिसेंबर १६४२ रोजी न्यूटन यांचा जन्म येथेच झाला.

बांधणी

सतराव्या शतकातील या दुमजली घराचा आराखडा इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आहे. या भागात जमिनीखाली चुनखडीचा दगड विपुल आहे. भिंतीही त्याच दगडाच्या आहेत. उभ्या दगडी दांड्यांनी खिडक्यांचे अरुंद भाग केले आहेत. त्या काळी काचेचे मोठे तावदान शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हते. लहान काचा अशा चौकटीत बसवणे सोयीचे होते. मागील पायऱ्या गवत व धान्याच्या माळ्यावर जात. म्हणजे माणसे आणि पीक एकाच छपराखाली नांदत. नष्ट झालेल्या या पायऱ्या अलीकडच्या काळात पुन्हा बांधण्यात आल्या.

भिंतींची साक्ष

प्लेगमुळे १६६५ मध्ये केंब्रिज विद्यापीठ बंद झाले आणि न्यूटन घरी परतले. लोलकातून सूर्यप्रकाश पाठवण्याचे काही प्रयोग त्यांनी येथे केले, असे मानले जाते. त्यांनी लहानपणी कोरलेले समजले जाणारे सूर्यघड्याळ मात्र आता येथे नाही. तो दगड भिंतीतून काढण्यात आला व १८४४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला.

जे भिंतीवर राहिले, ते उशिरा उमगले. २०१७ मध्ये वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून भिंतींची छायाचित्रे घेण्यात आली. तेव्हा शेकोटीजवळ पवनचक्कीचे पुसट रेखाटन आढळले. ते बाल न्यूटनचे असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. नीटनेटकेपणाच्या हौसेने कोणी ती भिंत खरवडली असती, तर हा पुरावा कायमचा गेला असता. जुन्या घराचे जतन म्हणजे केवळ त्याचा आकार राखणे नव्हे, हे वुल्सथॉर्पवरून पटते.

जतन

न्यूटन यांच्या जन्मत्रिशताब्दीच्या सुमारास, १९४० च्या दशकात, हे घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. अंगणातील प्रसिद्ध सफरचंदाचे झाड १८२० मध्ये वादळात कोसळले होते. पण मुळे जिवंत राहिली आणि ते पुन्हा वाढले. त्याच्या वंशातील रोपे पुण्याच्या 'आयुका' संस्थेतही लावण्यात आली होती.